बंद पाइनकोन

प्रिय नंदू,

चार वर्षं तुला लिहायचं टाळलं, कारण तुझं एक काम माझ्याकडून राहिलं होतं. "माझी रक्षा आपल्या त्या पाइनच्या जंगलात सोड, दुसरीकडे कुठे नको," म्हणाला होतास. तू गेलास जानेवारीत, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात मिनेसोटातलं ते जंगल जळालं. मग मी हटूनच बसले. जळक्या खुंटांत तुला एकट्याला सोडून यायचं? होऊ दे पूर्वीसारखं, मग बघू. तोवर तू कोटांच्या कपाटात, वरच्या फळीवर. तुला थंडी सोसत नाही, म्हणून डब्याला तुझा मफलर गुंडाळलाय. हसू नकोस.

काल ओवी म्हणाली, "आई, लेट्स जस्ट गो अँड सी." आपली लेक आता गाडी चालवते, आणि थेट तुझ्यासारखी, ब्रेक उशिरा मारते. सगळा रस्ता मी पाय दाबून बसले होते.

उतरले आणि वरच बघत राहिले. नुसते काळे सोट. आपण तंबू कुठे लावायचो तेही कळेना. मला रडू फुटलं.

"आई, लुक डाऊन," ओवी म्हणाली.

खाली गुडघ्याएवढे पाइन दाटीवाटीने उभे होते रे! मधूनमधून ब्लूबेरी. पण तुझी ती स्प्रूसची गर्द सावली होती ना, तिथली जमीन खोलवर जळली. तिथे आता बर्च आणि अस्पेनची झाडं आलीत. ओवी कॉलेजात हेच शिकते. म्हणाली, ते स्प्रूस बहुतेक परत यायचे नाहीत. मग मी इतकी वर्षं कशाची वाट बघत होते?

आज खिडकीतला, तू त्या जंगलातून आणलेला पाइनकोन हातात घेतला. लाकडी खवले घट्ट मिटलेले. किती वेळा म्हटलं, किडका आहे, फेकून दे. "आग लागल्याशिवाय नाही उघडायचा तो, शुभा," म्हणायचास. मला वाटायचं, थापा मारतोस. पोळ्या झाल्यावर गरम तव्यावर ठेवला. डिंक वितळला, जरा तडतडला आणि उघडला. इवल्या पंखांच्या बिया तव्यावर पडल्या. त्या उचलताना बोटं भाजली. तुझं खरं होतं, आणि ते ऐकायला तू नाहीस. फार आठवण आली.

शनिवारी तुला घेऊन निघतोय. पूर्वीचं जंगल नाही मिळायचं; आहे त्यात सोडेन, त्या गुडघ्याएवढ्यांच्या मधोमध. या बियाही तिथेच टाकेन. आता टाळणार नाही, नक्की.

मफलर मात्र मी घरी आणणार.

तुझीच हट्टी,
शुभा