अकरा राजीनामे, एकच अक्षर

३ फेब्रुवारी, मंगळवार

नामंजूर!

कामगार विमा कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाने स्क्रीनच माझ्याकडे फिरवली — 'स्वतःहून राजीनामा'. नोकरी गेली तर बेकारी भत्ता, सोडली तर नाही म्हणे. सोडली कुणी? ऑर्डरी नाहीत म्हणून फाउंड्रीने आम्हा अकरा जणींना एका दिवसात घरी बसवलं! हे सगळं त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, खाली सही कुणाची हाय?"

माझीच.

४ फेब्रुवारी

सकाळीच तानाबाई दारात, आमच्या अकरा जणींतलीच. गल्ली गोळा होईल असा आवाज. "मी इचारलतं की तुला, ह्यात काय लिवलंय म्हणून! तू म्हटलीस, काय न्हाय, कर सही!" सगळ्यांचेच दावे परत आलेत. तिच्या घरात तर दुसरं कुणी कमावतं नाही.

खोटं काय बोलली ती? त्या दिवशी फाउंड्रीच्या ऑफिसातला क्लार्क विश्वजित म्हणाला होता, "ताई, तुझं अक्षर झ्याक हाय. समद्यांचं तूच लिही, म्हंजे हिशेब आजच निघतोय." तो सांगत गेला, मी लिहीत गेले. 'घरगुती अडचणीमुळे.' अकरा वेळा! आणि वर मिरवले — एकही खाडाखोड नाही म्हणून. कुठे तोंड लपवू?

५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. यांना सांगितलं, पित्त झालंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विमा कार्यालयातल्या वरच्या मॅडमना भेटलो. मदिहा मॅडम. त्यांनी अकराही राजीनामे टेबलावर पसरले. "अकरा बायकांना एकाच दिवशी घरगुती अडचण? अक्षर कुणाचं हे?"

तानाबाई माझ्याकडे बघायला लागली. मी फरशीकडे. शेवटी म्हटलं, माझं.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कुणी सांगून लिहून घेतलं असेल तर तसं लेखी द्या — कुणी, कधी, कुठे. सोमवारपर्यंत. मग फेरविचार होईल.

म्हणजे नाव द्यायचं. विश्वजितचं! गडमुडशिंगीचा, माझ्या माहेरच्या गल्लीतला. सख्खा भाऊ नाही मला, वीस वर्षं त्यालाच राखी बांधतेय. फाउंड्रीत चिकटवलं तेही त्यानेच.

८ फेब्रुवारी, रविवार

विश्वजित आला. चहा नको म्हणाला. कधी असं केलं नव्हतं त्याने.

"ताई, वरनं आलतं. मी काय करणार? माझं नाव घेऊ नगंस, नोकरी जाईल. मालकांशी बोललोय मी. तुला परत घेत्यात. तुला एकटीला."

एकटीला! लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मनात मी डबासुद्धा भरला. मग विचारलं, "आणि तानाबाई?" तो चपला घालायला लागला. मी थांब म्हटलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

दिलं लिहून. त्याचं पूर्ण नाव, हुद्दा, वेळ — सगळं. दोन ओळी वाकड्या गेल्या. तशाच ठेवल्या.

बाहेर तानाबाईने माझा हात घट्ट धरला. मला तिचाच राग आला, उगीच! आईला फोन करायचा धीर होत नाही. तिला कळलंच असेल, गल्ली ती.

१४ फेब्रुवारी

विमा कार्यालयातून अजून काही कळलं नाही. फोन वाजला की आधी नंबर बघते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मंजूर! अकराही! तानाबाई भर रस्त्यात ओरडली, "पूर्णिमा, जितलीस की गं!" आणि पेढ्याचा पुडा काढला. सगळ्या हसत होत्या, रडत होत्या.

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फाउंड्रीने लेखी कळवलंय — राजीनामे आम्ही मागितलेच नव्हते, क्लार्कने परस्पर घेतले. क्लार्कने! मालकांना विचारल्याशिवाय तो रजेवरसुद्धा जात नाही. पेढा हातातच राहिला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

विश्वजितचा फोन. वाटलं, शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या.

"ताई, माझ्याकडनं बी राजीनामा लिवून घेतला गं. मालक सांगत गेलं, मी लिहीत गेलो. त्या मॅडम कुठल्या खोलीत बसत्यात?"

सोमवारी दहाला ये म्हटलं. मी दारात उभी असते.