पाय न टेकवता उतरायची खाण

प्रिय लंबूस,

साष्टांग नमस्कार या महिन्यात जमिनीला चार वेळा घालून झाला, तेव्हा तुला उभ्याउभ्याच नमस्कार. तुझी साखर, तुझे गुडघे आणि तुझ्या सूनबाई (याच क्रमाने) बऱ्या आहेत ना? इकडे उजवे कोपर सोडून बाकी सारे क्षेम आहे.

आपल्या शाळेमागची खडीची खाण आठवते? (न आठवून सांगतोस कुणाला!) आठवीच्या सुट्टीत, वडिलांच्या बिनब्रेकच्या सायकलीवरून, पाय न टेकवता तू ती उतरलास, आणि मी माझी सायकल हातात धरून बाजूच्या पायवाटेने काटे चुकवत खाली आलो. हे जगात आपल्या दोघांनाच ठाऊक. आमच्या घरात मात्र गेली चाळीस वर्षे ती खाण मी उतरलेलो आहे. लग्नानंतर बायकोसमोर सहज बोलून गेलो, मुलीला झोपवताना त्यात दोन वळणे घातली, आणि नातीपर्यंत येता येता मधे एक ओढाही वाहू लागला. आता ही नात बारा वर्षांची आहे, टेकडीवर सायकल चालवायच्या वर्गाला जाते, आणि तिने वर्गभर सांगून टाकले की महिनाअखेरच्या रविवारी माझे आबा सगळ्यांना उतरून दाखवणार. मी कां कूं केले तर म्हणते, “आबा, तेव्हा तर ब्रेकपण नव्हते. आता दोन-दोन आहेत.” तिच्या डोळ्यांतला तो विश्वास बघून मी ठरवले, की पंचावन्न वर्षे उशिरा का होईना, थाप खरी करायची.

पहिले संकट सायकलीचेच. मी सीट इतकी खाली घेतली होती की दोन्ही तळवे आरामात जमिनीला टेकावेत. सायकलवाला म्हणाला, “काका, ही आरामखुर्ची नाही.” चाकांत मी दगडासारखी हवा भरली होती, कारण अंगठ्याने दाबले तर दबता कामा नये ही वडिलांची शिकवण. वर्गाच्या बाईंनी अर्धी हवा सोडली. (मऊ चाक जमीन धरून ठेवते म्हणे.) तो फुस्स आवाज ऐकताना माझे सारे संस्कार बाहेर पडताहेत असे वाटले. शिवाय रोज सकाळी फळीसारखे आडवे होऊन कोपरांवर तोल धरायचा. वाचनालयात आयुष्यभर बसून काढलेल्या माणसाला आडवे होण्याचा सराव पुष्कळ असतो, पण जागेपणी नव्हे.

बाई म्हणाल्या, पायडल लयीत मारा. आता लय म्हटल्यावर मी वृत्ताशिवाय कुठे जाणार? गुरुजी टेबलावर डस्टर आपटत कविता म्हणून घ्यायचे, खिडकीतून खडूची भुकटी उन्हात तरंगायची, आणि तू मागच्या बाकावर तोंड नुसतेच हलवायचास. चढाला मी मंदाक्रांता घेतले. पहिली चार जड अक्षरे चढाला अगदी मापात बसली, पण पुढची पाच हलकी अक्षरे येताच पाय भिरभिरले नि मी पडलो. मग भुजंगप्रयात धरले, ‘ल गा गा, ल गा गा’ करत टेकडी चढलोही. उताराला मात्र भारदस्तपणा हवा म्हणून शार्दूलविक्रीडित निवडले. बाराव्या अक्षराला यति आला, जुन्या सवयीने मी थांबलो, म्हणजे सायकल थांबली. उरलेली सात अक्षरे मी झुडपात पुरी केली. बाईंनी कारण शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, “आजोबा, उतारावर पायडल मारायचंच नसतं. पाय समपातळीत, नजर लांब. जिकडे बघाल तिकडे जाल.” (मी आयुष्यभर मागेच बघत आलो, हे त्यांना कोण सांगणार.)

परवा तो रविवार उजाडला. वर्ग खाली रांगेत उभा, नात माझ्याशेजारी. उतार पाहिला आणि मला टेकडी दिसेना, खाण दिसू लागली, वाऱ्याने शर्ट फुगलेला तू दिसू लागलास. मी पाय टेकवला. म्हणालो, बाळ, खाण मी उतरलो नव्हतो. लंबू उतरला होता.

ती सायकलीवरून उतरली. मग म्हणाली, “आणि ओढा?”

“तोही नव्हता.”

आम्ही दोघे सायकली हातात धरून पायवाटेने खाली आलो. खाली तिने सगळ्यांना सांगितले, आबांचा ब्रेक लागत नव्हता. माझ्यासाठी थाप मारली पोरीने, आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतेच बोलते.

तुझा,
बुटक्या

ता. क. – पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. काल जेवताना तिने आपण होऊन विचारले, ते लंबू आजोबा अजून आहेत का? आहेत म्हटल्यावर म्हणाली, “मग त्यांना बोलवा. मला ते सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचंय.” तेव्हा सूनबाईंची परवानगी काढ आणि ये. माझ्या शब्दाला सध्या या घरात जामीन लागतो, तो तू राहा.

आणखी एक ता. क. – हे पाकीट चिकटवताना आठवले. तू खाण उतरलास तेव्हा भीतीने मी डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा तू तळाशी उभा होतास, आणि पाय टेकले नाहीत हे तूच मला सांगितलेस. इतक्या वर्षांत ही शंका आज पहिल्यांदा आली. उत्तर लिहू नकोस. येशील तेव्हा आधी मला एकट्याला भेट.