विहिरीवरचा चिखलाचा डबा

आई, आपल्या कामणच्या विहिरीचं पाणी बंद झालंय, हे तुला आधी सांगते. तू गेल्याला चौदा वर्षं झाली. मी नववीत असताना भातावर औषध मारायचा पंप विहिरीच्या कठड्यावर धुवायला घेतला होता. तू चुलीपासून धावत आलीस, पाठीत धपाटा घातलास आणि ओरडलीस, "पानी हाय ते! पोटात जातं!" तेवढी घाबरलेली तू मला पुन्हा कधी दिसली नाहीस.

मी आता वसईच्या कॉलेजात शिकवते. आपल्या रस्त्याला गोदामं वाढत गेली, तशी मलाही तुझीच भीती वाटायला लागली. म्हणून मी विहिरीवर एक डबा बसवला. आत आपल्याच शेतातला चिखल. त्यातले जिवाणू अन्न खाताना अगदी जराशी वीज तयार करतात. विहिरीचं पाणी त्यांच्यावरून थेंबथेंब जात राहतं. पाण्यात विष आलं की ते मंदावतात, वीज घटते, आणि आकडा माझ्या फोनवर दिसतो. दादा हसला होता. "चिखल काय बोलनार?"

त्या सोमवारी सकाळी वर्गात शिरताना फोन बघते, तर आकडा जवळजवळ शून्य. दादा फोन उचलत नाही. वहिनी उचलते. "वहिनी, विहिरीचं पाणी कोणी पिऊ नका!" ती म्हणते, "पोरगी आत्ताच तांब्याभर पिऊन शाळेत गेली गं." स्कूटर कशी चालवली, आठवत नाही. शाळेच्या पायरीवर ती ओकत बसली होती, ओठ पांढरेफटक. दवाखान्यात दोन दिवस मी तिच्या छातीवरून नजर हलवली नाही. दादा-वहिनींचं नुसत्या मळमळीवर निभावलं. पोरगीही वाचली. वरच्या एका गोदामात रसायनाची पिंपं धुतली होती, ते पाणी विहिरीत उतरलं होतं. आता विहिरीवर पत्रा आहे आणि टँकर येतो. मी घरी गेले की पोरगी ग्लास हातात धरून आधी माझ्याकडे बघते. "आत्या, पिऊ?" मी हो म्हणते, आणि तिचं पिऊन होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गावात सगळे म्हणतात, आत्याच्या डब्यानं पोरीला वाचवलं. परवा दादा चारचौघांत माझा हात धरून रडला. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. आकडा आदल्या दुपारीच घसरायला लागला होता. मी तो बघितला होता. तार सैल झाली असेल, उद्या जाऊन बघू, असं म्हणून मी पेपर तपासत बसले. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.