मंडळाचा कूलर आणि माझी दुपार

१४ एप्रिल
संपलं! हर्षलने निकाल दिला — "या वर्षी आईचं मंडळ बंद."

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई महिला मंडळात पापड लाटता लाटता चक्कर येऊन पडल्या, हे कारण. कारण खरं आहे, म्हणून तर नवऱ्याशी वादही घालता येत नाही! फ्रीगंजमधला मंडळाचा हॉल म्हणजे वर पत्रा, खाली बायका, मध्ये भट्टी. पण उन्हाळाभर आई अकरा ते पाच तिथे असतात आणि अकरा ते पाच हे घर माझं असतं. फरशीवर आडवं पडायचं, तिखटमीठ लावून कैरी खायची. "काय करतेस गं?" विचारायला कोणी नाही.

त्यांच्या तब्येतीची काळजी मलाही आहे. माझ्या तब्येतीचं काय?

१५ एप्रिल
हर्षलला अर्ध्यावर आणलं. हॉल गार झाला तर आई जातील. लगेच मंडळाच्या अध्यक्ष प्रतिभाताईंना फोन — मोठा कूलर घेऊ, निवडायची जबाबदारी माझी! "किती गं तुझा सासूवर जीव," म्हणाल्या.

हो ना.

१८ एप्रिल
टावर चौकातली दुकानं पालथी घातली. एकाकडे तर सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर — "मैडम, पूरे हॉल को शिमला बना देगा!" हॉल केवढा आहे हे विचारलंसुद्धा नाही. हर्षल रंग बघत होता. बघू देत, तेवढंच काम.

मी बघितलं ते असं — हवा हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचते का? टाकी मोठी आहे ना, नाहीतर बायका पापड सोडून बादल्याच वाहतील. आणि चाकं हवीतच. कारण हे धूड हॉलच्या मधोमध ठेवायचं नाही, खिडकीला लावायचं. बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे आणि समोरच्या खिडक्या उघड्या पाहिजेत. नाहीतर नुसता दमटपणा कोंडतो. दुकानदार हर्षलला म्हणाला, "भाभीजी तो पूरी इंजीनियर हैं!"

इंजिनिअर कसली. गरजू आहे.

२१ एप्रिल
कूलर सुरू. आई गेल्या. कैरी. शांतता. अहाहा!

२४ एप्रिल
आईंची एक सवय डोक्यात जाते. पाचला आल्या की फाटकापासूनच ओरडतात, "आले गं मी!" कडी दोनदा वाजवतात. मग पायरीवर बसून चपला काढण्याचा कार्यक्रम. जशी काही मी घरात चोऱ्या करत असते! तोवर मी उठते, केस बांधते, गॅसपाशी उभी राहते. "दमलीस ना दिवसभर?" विचारतात. टोमणाच असणार.

२९ एप्रिल
सत्यानाश!

उडदाचे पापड उन्हात तडकतात, म्हणून बायका ते हॉलमध्येच सावलीत वाळवतात, जुन्या साड्या अंथरून. हे मला माहीत होतं. पण कूलर घेताना डोक्यात पापड कुठे होते? कैरी होती.

त्यात प्रतिभाताईंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. "बिल आपण भरायचं आणि थंडी हवा शेजारच्यांनी खायची? काही मतलब आहे का!" हॉलचं न्हाणीघर झालं. पापड साड्यांना चिकटले. ओढून काढले तर त्यांच्यावर साडीची फुलं उमटलेली. भैरवगढच्या साड्यांवरचं छापकाम, उडदाच्या पिठावर!

मी जाऊन खिडक्या उघडल्या. आता बायका गार, घाम नाही. पापड मात्र अजून मऊ. कूलरच्या हवेत ते कसले वाळतात!

२ मे
प्रतिभाताईंना उपाय सापडला. लाटायचं हॉलमध्ये, वाळवायचं आमच्या वरच्या खोलीत. "तुमचं घर कोरडं आहे, बेटा. आणि तू घरीच तर असतेस!" म्हणजे बायका पाळीपाळीने येणार, पापड उलटणार, बसणार, चहा पिणार. दिवसभर!

कूलर मी आणला. धोंडा मीच पायावर पाडून घेतला. संध्याकाळी मीटिंग आहे आणि आई "हो" म्हणणार. मंडळाला त्या कधी नाही म्हणाल्यात?

३ मे
सकाळी भाजीच्या ठेल्यावर शेजारची अपर्णा भेटली. तीही मंडळातली. पापड तिच्याकडे वाळणार म्हणे. "तुझ्या सासूबाई ऐकेचनात! म्हणाल्या, 'आमच्याकडे नको. मधुराला दुपारी एकटीला घर लागतं. म्हणून तर मी इथे येऊन बसते, नाहीतर या वयात पापड लाटायची मला काय हौस?'"

भाजी ठेल्यावरच विसरले.

पाचला कडी वाजली. दोनदा. "आले गं मी!" मग चपला, सावकाश. मी उठले नाही. केसही बांधले नाहीत. फरशीवर तशीच पडून राहिले, शेजारी कैरीची बशी.

आई आत आल्या. बघितलं. खाली बसल्या, एक फोड उचलली.

"तिखट कमी झालंय," म्हणाल्या.