वाकडी काच

४ फेब्रुवारी, बुधवार

गेली काच! पुढची, मोठी, माझ्या नाकासमोरची.

ह्यांचं डायलिसिस आटपून परत येत होतो. पुढे खडीचा ट्रक. त्यातून दगड उडाला – टण्ण! आधी नखाएवढा डाग, घरी पोहोचेपर्यंत इकडून तिकडे भेग. ट्रकवाल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कशाला पाहील! आणि हे शेजारी बसून शांतपणे म्हणतात, "तू जरा जवळच होतीस त्याच्या." म्हणजे चूक माझी. आठवड्यातून तीनदा ह्यांना त्या यंत्रापर्यंत नेते, चार तास बाहेरच्या बाकावर कंबर मोडून घेते, परत आणते. आणि ट्रकने दगड मारला तरी चूक माझी.

मुलाला फोन केला. पहिला प्रश्न – "कॅमेरा ठीक आहे का?" आई ठीक आहे का, हा दुसरा.

गाडी त्यानेच घेऊन दिली, गेल्या वर्षी. "आई, तुझ्या वयाला ही बरी." आरशामागे कॅमेरा. रस्त्यावरच्या पट्ट्या बघतो, गाडी पट्टीकडे सरकली की टुकटुक करतो, स्टिअरिंगही हळूच ओढतो. अलीकडे तर ऊठसूट टुकटुक! चाळीस वर्षं नकाशे काढले मी. पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या. सरळ रेषेवर पोट भरलं, घर बांधलं, मुलगा शिकवला. आणि हा कॅमेरा कानामागून आला आणि तिखट झाला – मला रेष शिकवणार!

५ फेब्रुवारी, गुरुवार

गॅरेज. काउंटरवरचा माणूस म्हणे, "काच बदलून देऊ काकू, पण नंतर कॅलिब्रेशन करावं लागेल."

काकू! मी ह्याची कुठली काकू?

कॅलिब्रेशन म्हणजे काय, तर कॅमेऱ्याची पुन्हा शिकवणी. काच बदलली की त्याची नजर तसूभर हलते. इथे तसूभर, तर लांब रस्त्यावर हातभर. म्हणून त्याच्यासमोर एक बोर्ड उभा करायचा आणि सांगायचं, बाबा रे, सरळ हे, मधोमध हे. त्याचं यंत्र एकच, नंबर लागलेले, आपला सतरा तारखेला.

"तोवर कॅमेरा बंद राहील. तुम्हाला स्वतःच बघून चालवावं लागेल."

"मग आजवर कोण बघत होतं?" मी म्हटलं.

त्याने पावती पुढे सरकवली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टॅक्सी. मागच्या सीटवर आम्ही दोघं, पाहुण्यांसारखे. ड्रायव्हर रस्ताभर फोनवर बायकोशी भांडत होता, तरी गाडी तसूभर इकडची तिकडे नाही. मेल्याचा राग आला मला.

हे मात्र खुशीत. खिडकीतून बाहेर बघत होते. चक्क डुलकी काढली. माझ्या गाडीत कधी डोळा लागत नाही ह्यांचा.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा टॅक्सी. तोच भांडकुदळ. ह्यांनी त्याचा नंबर घेऊन ठेवला. "असू दे," म्हणाले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काच बसली. कडेने चिकटपट्ट्या, दारं आपटायची नाहीत, धुवायची नाही. बाळंतिणीसारखे लाड.

घरी आणली. आणताना जे पाहिलं, ते लिहिते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हिच्या मनाचे खेळ.

काच वाकडी आहे. पांढरी पट्टी समोरून सरळ येते आणि मध्येच पोटात दुखल्यासारखी वळते. विजेचे खांब – तेच. मधोमध बघावं तिथे नेमका बाक. स्वस्तातली काच मारलीये माझ्या गाडीला! म्हातारी बाई, तिला काय कळतंय! पण त्या गॅरेजवाल्यांना माहीत नाही, गाठ कुणाशी आहे. जुन्या काचेतून असं काही जाणवत नव्हतं मला. म्हणजे थोडंफार असेलही, पण ते भर दुपारचं ऊन असायचं.

सगळ्यांचंच झालंय असं. गेल्या वर्षी न्हाणीघराच्या फरश्या बसवल्या त्या गवंड्याला रेष कळत नव्हती. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचे चौकोनसुद्धा आता धड छापत नाहीत. सरळ म्हणून काही उरलंच नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आल्या आल्या लिहायला बसले. अक्षर बघा.

डायलिसिसला मीच नेलं. रस्ताभर ह्यांचा जप – "डावीकडे. जरा डावीकडे. अगं, डावीकडे!" महिनोन्‌महिने हेच ऐकतेय. आज ओरडले मी, "तुम्ही चालवा मग!" ह्यांना सायकलसुद्धा येत नाही. गप्प झाले.

आणि गप्प झाले तेव्हाच ते झालं. कडेला स्कूटर उभी होती. मला ती होती तिथे दिसलीच नाही, एकदम समोर! आरसा घासला, स्कूटर आडवी. तिच्या पलीकडे एक बाई पोराच्या बुटाची नाडी बांधत बसली होती. हातभर अंतर. पोर रडलं नाही, बाईच रडली.

शिव्या खाल्ल्या. पैसे दिले. हे खाली उतरून त्या बाईला काहीतरी समजावत होते, हात जोडून. मला गाडीतून ऐकू आलं नाही.

त्या काचवाल्याला सोडणार नाही मी. आज एक जीव गेला असता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेले गॅरेजला. मालकालाच बाहेर बोलावलं. तो माझ्या सीटवर बसला, डोकं इकडे केलं, तिकडे केलं. "मला तर सरळ दिसतंय, मॅडम." मग त्याचा फिटर बसला. त्यालाही सरळ. काउंटरवरचा बसला – त्यालाही! एकाच ताटात जेवणारे, वेगळं काय सांगतील?

म्हटलं, "चाळीस वर्षं रेषा काढल्यात मी. अर्ध्या मिलिमीटरची चूक पकडायचे. साहेब लोक माझ्या टेबलाशी यायचे विचारायला."

निघताना फिटर हळूच म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." ऐकू आलं मला. कान शाबूत आहेत माझे! असं वळून पाहिलं की हातातला पाना पडला त्याच्या.

संध्याकाळी मुलाचा फोन. स्कूटरचं त्याला कळलंय. कुणी सांगितलं, ते उघड आहे. घरात दोनच माणसं राहतो आम्ही.

"पुरे झालं आता, आई. गाडी विका आणि इकडे या. इथून हॉस्पिटल जवळ आहे."

इकडे, म्हणजे त्याच्या घरातली ती मागची खोली. कपडे वाळत घालायचा स्टँड, कुणी न चालवलेली व्यायामाची सायकल आणि आम्ही. सून मागून म्हणाली, "आई, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही." धमकीच ती. भीती वाटली मला. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय. आपल्या घरातून उठून दुसऱ्याच्या घरात गुपचूप बसायची मला फार भीती वाटते. ही चावी हातात आहे तोवर आम्ही दोघं आमचे आहोत.

म्हटलं, "सतरा तारखेला कॅलिब्रेशन आहे. त्या यंत्राला काही माझं वय माहीत नाही. ते सांगेल काच वाकडी आहे ते."

"आणि नाही म्हणालं तर?"

"तर चावी तुझी."

"नक्की?"

"मी शब्द फिरवते का कधी?"

तोवर टॅक्सीने जायचं ठरलं. दगडापेक्षा वीट मऊ.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हातच्या कांकणाला आरसा कशाला! आज पुरावाच तयार केला.

माळ्यावरून टी-स्क्वेअर, माझी नकाशांची लांब पट्टी, काढला, मोठा कागद बोर्डाला लावला, जाड काळ्या रेघा मारल्या – उभ्या, आडव्या. किती दिवसांनी! हात बसलेलाच आहे. टी-स्क्वेअरची कड मात्र झिजलेली दिसते, मधल्या रेघा मनासारख्या येईनात. पण कड धरूनच ओढल्या, चालतील.

ह्यांना तो कागद घेऊन गाडीपुढे उभं केलं. मी आत बसले. आणि बघते तर काय – मधोमध रेघा वाकलेल्या! टाळीच वाजवली मी. मग ह्यांना आत बसवलं आणि स्वतः कागद धरून उभी राहिले. हे बराच वेळ काचेतून बघत बसले. मग उतरले.

"काय?"

"सरळ आहेत गं."

"तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," मी म्हटलं. "तुम्हाला काय दिसणार!"

"हो, तेही आहे," म्हणाले. कागदाची नीट गुंडाळी केली आणि आत गेले. माझी बाजू घ्यायला ह्यांना एवढं का जड जातं? जन्मभर माझ्याच पगारावर घर चाललं म्हणून? की त्यांनाही ती मागची खोली हवीय? असेल. तिथे नातू आहे, टीव्ही मोठा आहे. मी एकटीच आहे या लढाईत.

१५ फेब्रुवारी, रविवार

गॅरेजचा निरोप आला. गाडी नेहमीच्या वजनाची, रिकामी हवी. डिकीत काही नको. टाकी भरलेली, चारी चाकांत सारखी हवा, काच आतून-बाहेरून स्वच्छ, कॅमेऱ्यासमोर काही लटकवायचं नाही. म्हणे डिकीत ओझं असलं तर गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेरा रस्त्याऐवजी आभाळ शिकतो.

डिकी उपसली. ह्यांची चाकाची खुर्ची, चादर, उलटीची पिशवी, औषधांचा डबा, थर्मास, माझी उशी, दोन छत्र्या, पाण्याच्या बाटल्या. पोर्चमध्ये सगळं मांडलं तर आमचा संसार रस्त्यावर आल्यासारखा दिसायला लागला. शेजारीण विचारून गेली, "कुठे निघालात की काय?"

कुठे नाही बाई! इथेच आहोत!

काच मीच पुसली. ओलं फडकं, सुकं फडकं, मग वर्तमानपत्र. एक डाग काही केल्या निघेना. आतून पुसला, बाहेरून पुसला, बोट लावून बघितलं तर तिथे काहीच नाही. काचेच्या पोटातच असणार. तेही दाखवणार आहे मी त्यांना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टॅक्सीने डायलिसिस. येताना हे ड्रायव्हरशी पुढे वाकून काहीतरी कुजबुजत होते. मी विचारलं नाही. उद्या बघतेच एकेकाला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गॅरेजपर्यंत मीच चालवली. हे बरोबर आले. गरज नव्हती, तरी आले. वाटेत एकदाच म्हणाले, "डावीकडे," आणि मी घेतली.

कॅलिब्रेशन करणारी एक मुलगी होती, कानात काहीतरी घातलेलं, आमच्याकडे बघतही नव्हती. पांढरी खोली, सपाट जमीन. गाडीत कुणी बसायचं नाही, म्हणून आम्हाला पिवळ्या पट्टीमागे उभं केलं. तिने गाडीसमोर बोर्ड आणला. पांढऱ्यावर काळे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. यंत्र दोनदा वाजलं.

"झालं. पहिल्याच फेरीत पास. काच एकदम चांगली आहे."

मी तोंड उघडलं होतं भांडायला. बोर्डाकडे बोट केलं – आणि तसंच राहिलं.

बोर्ड माझ्यापासून चार पावलांवर. त्याच्या मधोमध चौकोन वितळल्यासारखे झालेले, रेघा वाकलेल्या, आणि तो डाग. मी डावा डोळा झाकला. मग उजवा. पुन्हा डावा.

बोर्डात आणि माझ्यात काच नव्हती.

ह्यांनी माझं बोट धरून हात खाली घेतला आणि मुलासाठी काउंटरवर चावी ठेवली. बाहेर तो भांडकुदळ टॅक्सीवाला उभाच होता. ह्यांनी त्याला कालच सांगून ठेवलं होतं.