कोचच्या घरचा आकडा

हार्लन फेरी, अलाबामा
२१ डिसेंबर

चिरंजीव वेंडेल,

अनेक आशीर्वाद. तू आणि सूनबाई लोरेन सुखरूप पोचलात, सामानही लागलं, हे लोरेनच्या फोनवरून कळलं. तुझ्या फोनवरून काही कळत नाही, कारण तू बोलत सुटतोस आणि मी हुंकार भरते. म्हणून पत्र. पत्राच्या मध्ये कुणाला तोंड घालता येत नाही.

इकडे मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांची जुनी खोड आहे. मध्ये कडक थंडी पडली, तरी परसातली कोलार्डची पालेभाजी वाचली. कशी, ते ऐक. तू टेक्सासची नोकरी घेतल्याची बातमी फुटली आणि पोरांनी ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या आणून कोचच्या अंगणात रोवल्या. फक्त अंगण चुकलं. ‘कोचचं घर’ म्हटलं की ह्या गावाला अजून तुझ्या वडिलांचं घर आठवतं, त्यामुळे सगळ्या पाट्या माझ्या दारात. मी त्या उपटल्या आणि वाफ्यावर आडव्या घातल्या. चांगल्या जाड आहेत. दुपारी त्यातलीच दोघं खाली मान घालून माफी मागायला आली, तर त्यांच्याकडून अंगणातला सगळा पाचोळा काढून घेतला आणि मग ओव्हनमधला गरम, गोड पीकन पाय खायला दिला.

गाव चिडलंय, खोटं कशाला सांगू? फुटबॉलच्या मोसमाअखेरचा मानाचा बाउलचा सामना तोंडावर आला असताना कोच मोठ्या कॉलेजात निघून जातो, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतंच. दुसऱ्याच्या गावात घडलं की ती नुसती बातमी असते, आपल्या गावात घडलं की दगा होतो. मी कुणाशी वाद घालत नाही. नोकरी चांगली आहे आणि ती तू कमावली आहेस. चर्चमध्ये ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी हेच सांगितलं.

आता सामन्याचं. तू तिकडे नव्या पोरांच्या गडबडीत समोरच्या मेडोरा कॉलेजच्या संघाकडे बघितलंही नसशील. मी बघितलंय. ओहायोची पोरं, एकेक जण फ्रिजच्या आकाराचा. चेंडू फेकायचा त्यांना आळस. तो पोटाशी धरायचा आणि समोरच्याला ढकलत पुढे जायचं, एवढंच येतं, पण ते फार छान येतं. पहिला अर्धा सामना ते आपल्याला रगडणार, ह्यात शंका नाही. पण सामना श्रीव्हपोर्टला आहे, तिथे दुपारी ऊन असतं, आणि ती पोरं बर्फातून येणार. तिसऱ्या भागात त्यांची जीभ बाहेर येईल. शिवाय त्यांचा मागच्या फळीतला डावीकडचा पोरगा उतावळा आहे. फेकल्याची नुसती हूल दिली तरी धावत सुटतो, आणि त्याच्या पाठीमागे सगळं मैदान मोकळं. तिथे लांबचा चेंडू अचूक टाकणारा कुणी असेल तर सामना आपला.

असेल तर, असं लिहिलंय मी. त्याच्याकडे येतेच आहे.

तुझ्या वडिलांचा नियम तुला माहीत आहे. कोचच्या घरातून आकडा बाहेर जात नाही. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळं गाव दर आठवड्याला सामन्याआधीच कोण किती गुणांनी जिंकणार ते सांगायचं आणि मी ओठ शिवून बसायची. आधी ते कोच होते म्हणून, मग तू झालास म्हणून. मला मतं नव्हती असं नाही. तुम्हा दोघांपेक्षा बरी होती.

गुरुवारी मी बिस्किटांच्या दुकानात न्याहारीला गेले. डूलीचा सकाळचा रेडिओ कार्यक्रम तिथूनच चालतो, तुला ठाऊक आहे. त्यानं माझ्यापुढे माइक सरकवला आणि म्हणाला, “मिस आयडेला, आता तुमच्या घरात कोच नाही. आता तरी आकडा सांगा.”

डूलीला चिमटा काढायचा होता, मला काढायचा आणि माझ्या आडून तुला. पण मला ते पटलं. हातातलं बिस्किट बशीत ठेवलं आणि आकडा सांगितला. काय सांगितलं ते शेवटी लिहिते, कारण आकडा कळला की बाकीचं तुझं तूच ओळखशील, आणि बाकीचं तुला माझ्याकडून कळायला हवं.

तुझा कॉल्बी खेळणार आहे.

आता खुर्चीतून उठू नकोस. पुढे वाच.

खांदा बरा आहे. डॉक्टरांनी फोटो काढून, हात फिरवून बघून परवानगी दिली आहे. तुला हे कळवलंय असं ते म्हणाले. म्हणजे तुला ठाऊक होतं, तरी तू त्याला म्हणालास की बाहेर बस, अंग सांभाळ आणि जानेवारीत न दुखावता माझ्याकडे ये. कॉल्बी त्यावर काही बोलला नाही, त्याला तू होकार समजलास. माझ्याकडे राहायला आल्यापासून तो जेवतानाही बोलत नव्हता, तेव्हाच मी ओळखलं की ह्याच्या मनात काही शिजतंय.

रविवारी मी कॉर्नब्रेडचं पीठ कालवत होते, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “आजी, टायरेलचा हा शेवटचा सामना आहे. नंतर तो बापाबरोबर छपरं घालायला जाणार. चार वर्षं तो मला वाचवायला माझ्यापुढे उभा राहून मार खातोय. आणि मी ह्या सामन्याला कोट घालून बाकावर बसू?”

मी विचारलं, खांदा दुखतो का? नाही म्हणाला. भीती वाटते का? हो म्हणाला, खांद्याची नाही, डॅडीची. मग मी त्याला सांगितलं की डॅडीचं माझ्यावर सोड, तू मर्लना जाऊन सांग. मर्ल हॅगनला तात्पुरता कोच केलाय ना, बिचारा पोराला न्यायला दारातच थांबला होता गाडी घेऊन. पोरानं सांगितल्यावर त्यानं टोपी काढून तोंड पुसलं.

तेव्हा हे माझ्यावर घे. रागवायचं तर माझ्यावर रागव.

वेंडेल, तुझा गुडघा मी विसरलेली नाही. त्या वर्षीच्या बाउलमध्ये तू लंगडत होतास आणि तुझ्या वडिलांनी तुला तसंच मैदानात उतरवलं. परत तू कधी खेळला नाहीस. म्हणूनच तू पोराला जपतोस, हे मला कळतं, आणि त्याबद्दल माझा तुझ्यावर राग नाही. पण वडिलांनी तुला विचारलं नव्हतं, खेळायला लावलं. तू कॉल्बीला विचारलं नाहीस, बसायला लावतोयस. मला दोघांत फरक दिसत नाही. वडिलांसारखं व्हायचं नाही म्हणून तू जन्मभर धडपडलास आणि नेमका इथे त्यांच्यासारखा निघालास. आई म्हणून मला हे बोलायला हवं. पोरगा एकवीस वर्षांचा आहे. जानेवारीत तुझ्याकडे यायचं की नाही, तेही त्यालाच ठरवू दे.

तो हे तुझ्यावर सूड म्हणून करत नाही, एवढं मात्र नक्की समज. भिंतीवरचा तुमचा दोघांचा फोटो त्यानं काढलेला नाही. मी मुद्दाम वर जाऊन बघितलं.

तर आकडा. मी म्हटलं, हार्लन फेरी सत्तावीस, मेडोरा चोवीस. कॉल्बी बसणार असता तर वीस गुणांनी हरणार असं सांगितलं असतं, आणि हे डूलीपासून सगळ्यांना कळलं. नंतर कुणीतरी टाळी वाजवली. बिस्किटाचे पैसे कुणी घेईना, तेव्हा मी ते बशीखाली ठेवून आले.

सामना २८ला, शनिवारी दुपारी. मर्लची बायको मला गाडीनं नेणार आहे. खेळाडूंना घरच्यांसाठी तिकिटं मिळतात, त्यांची नावं कॉल्बी माझ्यासमोर बसून फोनवर सांगत होता. माझं सांगितलं, लोरेनचं सांगितलं आणि अडला. पलीकडचा माणूस विचारत राहिला, अजून कुणी आहे का? मी भांडी विसळत होते, वळून बघितलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं तुझं नाव सांगितलं, सबंध, वडिलांच्या नावासकट. तिकीट खिडकीवर ठेवलेलं असेल. जागा आपल्या बाकांच्या मागे आहे, ऊन पाठीवर येईल. टोपी कुठल्या रंगाची घालायची ते तुझं तू बघ.

कॉल्बी मला दोनदा विचारून गेला, “आजी, डॅडी येतील का गं?” डूलीनंही काल रस्त्यात तेच विचारलं. मेडोराचं मी बेधडक सांगितलं, कारण मेडोरा माझं कुणी लागत नाही. हे मात्र मी दोघांनाही सांगितलेलं नाही. तुझे वडील तो नियम का पाळायचे, ते मला आत्ता, ह्या वयात कळतंय. तुझ्यापुरता मी तो अजून पाळते.

आकडा न सांगणारी,
तुझी आई