हैदराबादले घर कायले?

बाबा, मी हैदराबादला घर घेतलं. दोन खोल्या, सातवा मजला. ताईचं पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, हे मी फ्लॅट बघायला गेले त्याच दिवशी माझ्या मनात होतं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

जऊळक्याचं रेल्वेचं क्वार्टर अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही गँगमन, दिवसभर रुळांवर, आणि आल्यावर आधी भिंती बघायचात. मी एकदा कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तर केवढे ओरडला होतात! "सरकारची भित हाये ते पोरी, आपली न्हाई." बुद्धाची तसबीरसुद्धा तुम्ही कपाटावर टेकवून ठेवली होती, कधी टांगली नाही. मग तुम्ही रिटायर झालात आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. आई आधीच गेलेली. आम्ही दोघी बहिणी सामान बांधतोय, तुम्ही दारात बसून चहा पिताय. मी म्हणते, "बाबा, माह्याकडं वाशिमले चला." तुम्ही हसता. "तुह्या एका खोलीत मी पाय कुठं पसरू? हिच्याकडं मले अलग खोली हाये." ताई तुमच्या सदऱ्यांच्या घड्या करत राहते. मला त्या घड्यांचासुद्धा राग येतो. तुम्ही तिच्याकडे गेलात, आठ महिने राहिलात आणि तिथेच गेलात. तुमच्या तोंडात शेवटचं पाणी तिने घातलं. मी पोचले तेव्हा तुम्हाला आंघोळही घालून झाली होती.

आता माझी नोकरी हैदराबादच्या कंपनीत आहे, पण काम वाशिमच्या घरूनच. तरी घर तिकडे घ्यायचं माझ्या डोक्यात बसलं. कर्जासाठी बँकेत गेले तर हैदराबादची शाखा म्हणाली, तुमचा पत्ता महाराष्ट्राचा, तिथल्या शाखेत जा. वाशिमचे साहेब म्हणाले, "मॅडम, कंपनी तिकडची, तुमी इकडच्या. हैदराबादले घर कायले? राहीन कोण तिथं?" मी म्हटलं, "मीच." ते म्हणाले, "कधी?" बहिणीच्या घरापेक्षा माझं घर दूर आणि उंच हवं, असं फॉर्मवर कुठे लिहिणार?

मग बँकेचा माणूस चौकशीला घरी आला. "ऑफिस कुठी हाये?" मी शिलाई मशीन दाखवलं. त्यावर फळी, फळीवर लॅपटॉप, बाजूला भाजीची टोपली. त्याने लॅपटॉपचा फोटो काढला, मग माझा, मग मलाच म्हणाला, "थे टोपली जरा सरकवता काय?" उद्या कंपनीने घरून काम बंद केलं तर काय, म्हणून कंपनीचं पत्र आणायला सांगितलं. ते यायला दीड महिना गेला. पत्र आलं तरी साहेबांचं समाधान होईना. जोडीला कुणाची तरी सही हवी, पक्क्या नोकरीवाल्या माणसाची.

असं माणूस माझ्याकडे एकच होतं. मी आठ दिवस फोन केला नाही. शेवटी केला, तर ताई म्हणाली, "येवढंच ना? मले कायले नाही सांगितलं आधी?" पुण्यात ती मुलांशी तिकडचं बोलते, माझ्याशी अजून वऱ्हाडीच. सही करायला ती रजा काढून वाशिमला आली. साहेबांसमोर कागदच कागद. तिने एकदाही विचारलं नाही की घर तिथे कशाला.

रजिस्ट्रीलाही ती आली. रिकाम्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी फरशीवर बसून डब्यातलं पिठलं-भाकर खाल्लं. ती सारखी म्हणत होती, "हवा किती येऊन राह्यली पाह्य!" मला वाटत होतं, माझं घर बघून आता तरी हिला थोडं वाईट वाटावं. तिला नाही वाटलं. तिने ओढणीने खिडकीची काच पुसली. तेव्हा मी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं, "तुह्याकडं असताना बाबा माही आठवण काढत होते काय वं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "सुरुवातीले काढत. मंग नाही. पोराईत रमले होते. सुखात होते वं बाबा, तू नको मनाले लावून घेऊ."

मी डब्याचं झाकण लावलं आणि उशीर होतोय म्हणाले.

तुमचा फोटो पुण्यात तिच्याकडे आहे. पुढच्या महिन्यात जाईन, तेव्हा तुम्हाला लिहिलेला हा कागद त्यामागे ठेवावा असं आधी ठरवलं होतं. पण ती दर रविवारी फोटो भिंतीवरून काढून पुसते, आणि तिने हे वाचलेलं मला चालणार नाही. म्हणून इथेच माझ्याकडे ठेवते. तुम्ही सुखात होता हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, बाबा. अजून वाटलेलं नाही.